गोल न करणारे बलबीर सिंग

बलबीर सिंग सीनियर यांचे नाव निघाले की आधी आकडे पुढे येतात. लंडन 1948, हेलसिंकी 1952, मेलबर्न 1956. तीन ऑलिंपिक, तीन सुवर्णपदके. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सला 6-1 असे हरवले, त्यातले पाच गोल एकट्या बलबीर यांचे. पुरुषांच्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात एका खेळाडूने केलेल्या गोलांचा हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. मी चंदीगडमध्ये राहतो आणि इथे हे आकडे इतक्या वेळा कानांवर येतात की ते आपोआप पाठ होतात. पण त्यांच्या कारकिर्दीतला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, त्यात त्यांचा एकही गोल नाही. तो 1975 सालचा आहे आणि त्याची तयारी याच शहरात झाली.

त्याआधी एक प्रश्न : हा माणूस खेळून पोट कसे भरत होता? अमेरिकेतल्या बेसबॉलने हा प्रश्न लवकर सोडवला. 1869 मध्ये सिनसिनाटीचा रेड स्टॉकिंग्ज हा संघ उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगार देऊ लागला. त्याचा म्होरक्या हॅरी राइट स्वतः मैदानात खेळे आणि संघही चालवी. खेळणे हा धंदा आहे आणि खेळाडूला उमजलेले शहाणपण पुढच्यांना शिकवणे हाही धंदा आहे, हे तिथे मान्य झाले. आपल्याकडची हॉकी मात्र हौशी म्हणवली जाई. पगार मिळे तो पोलीस, रेल्वे किंवा लष्कराच्या नोकरीतून.

बलबीर यांच्या वाट्याला पोलीस आले, तेही मनाविरुद्ध. वडील दलीप सिंग दोसांझ स्वातंत्र्यसैनिक होते. ब्रिटिशांच्या पोलिसांनी त्यांना वारंवार तुरुंगात टाकलेले मुलाने पाहिले होते. अमृतसरच्या खालसा कॉलेजात हरबेल सिंग यांनी घडवलेला हा सेंटर फॉरवर्ड आपल्या संघात हवा, असे पंजाब पोलिसांचे प्रमुख सर जॉन बेनेट यांनी ठरवले. बलबीर ते टाळायला दिल्लीला जाऊन सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करू लागले. तेव्हा बेनेट यांनी त्यांना बेड्या घालून जालंधरला आणवले. आज ही गोष्ट सांगताना लोक हसतात. मला ती वाचताना त्या तरुणाची कोंडी दिसते : ज्या खाक्या वर्दीने बापाला कोठडीत घातले, तीच घालून हॉकी खेळायची. त्यांनी ती घातली आणि बरीच वर्षे पंजाब पोलिसांच्या संघाचे नेतृत्व केले.

मराठी वाचकाला इथे खाशाबा जाधव आठवल्याशिवाय राहणार नाहीत. हेलसिंकीच्या त्याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. खाशाबाही 1955 मध्ये पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून लागले. दोघांची पदके एका वर्षाची, दोघांच्या अंगावर तीच वर्दी. पण 1957 मध्ये बलबीर यांना पद्मश्री मिळाली, एखाद्या खेळाडूला मिळालेली ती पहिलीच. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर. एक फरक याहूनही मोठा वाटतो. बलबीर 1961 मध्ये पंजाबच्या क्रीडा खात्यात आले आणि पुढे राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती देण्यात आला. जे कमावले ते पुढच्या पिढीला देण्यासाठी त्यांना जागा मिळाली. देशाचा संघ घडवण्याची तशी संधी खाशाबांना मिळाली नाही.

बलबीर यांच्याकडे देण्यासारखे काय होते, ते गोलांच्या यादीत सापडत नाही. 1947 मध्ये अखंड पंजाबचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला, त्या संघात ते होते. कर्णधार होते ए. आय. एस. दारा. वर्षभरात फाळणी झाली आणि लंडनला दारा पाकिस्तानच्या संघाचे कर्णधार म्हणून आले. लंडनमध्येच बलबीर यांना वगळले जाणे म्हणजे काय तेही कळले. अर्जेंटिनाविरुद्ध 9-1 अशा विजयात त्यांनी सहा गोल केले आणि पुढच्याच सामन्यात ते संघाबाहेर होते. उपांत्य सामन्यातही बाहेरच. थेट अंतिम सामन्यात बोलावणे आले. 12 ऑगस्ट 1948 रोजी वेम्बलीवर ब्रिटनचा 4-0 असा पराभव झाला, त्यातले दोन गोल त्यांचे. साऱ्या स्पर्धेत खेळले ते दोनच सामने. मेलबर्नला ते कर्णधार होते. पहिल्या सामन्यात अफगाणिस्तानविरुद्ध पाच गोल केले, मग उजव्या हाताचे बोट मोडले. ते बोट घेऊनच पाकिस्तानविरुद्ध अंतिम सामना खेळले. विजय 1-0 असा झाला, पण गोल रणधीर सिंग जेंटल यांचा होता. बाहेर बसवले गेलेला आणि दुखत्या हाताने दुसऱ्याच्या गोलाची वाट पाहणारा, असे दोन्ही बलबीर पुढे व्यवस्थापक झाले.

1973 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत दोन गोलांनी पुढे होता. नेदरलँड्सने बरोबरी साधली आणि पेनल्टी स्ट्रोकवर चषक नेला. 1975 ची स्पर्धा क्वालालंपूरला होती. इकडे हॉकी महासंघातले तट कोर्टात भांडत होते. अखेर पंजाबचे मुख्यमंत्री ग्यानी झैल सिंग यांनी सराव शिबिराची जबाबदारी घेतली आणि पंजाब विद्यापीठाच्या आवारात खेळाडू जमले. बलबीर संघाचे व्यवस्थापक होते, प्रशिक्षक गुरचरण सिंग बोधी, कर्णधार अजितपाल सिंग. शिबिर चालू असताना बलबीर यांचे वडील वारले. पत्नी सुशील यांना मेंदूत रक्तस्राव झाला आणि इस्पितळात ठेवावे लागले. घर आणि शिबिर एकाच शहरात, तरी ते शिबिरातून हलले नाहीत. या निष्ठेचे कौतुक होते. मला त्यात घरच्यांनी मोजलेली किंमतही दिसते आणि तिचा आकडा कुठल्याच विक्रमांच्या वहीत नसतो.

क्वालालंपूरला सुरुवात डळमळीत झाली. अर्जेंटिनाकडून 1-2 अशी हार पत्करावी लागली. तरी संघ उपांत्य फेरीत पोहोचला. समोर यजमान मलेशिया, आणि सामना संपत आला तेव्हा भारत 1-2 असा मागे. त्या वेळी मायकेल किंडो यांच्या जागी अस्लम शेरखान यांना उतरवले गेले. भोपाळचा हा तरुण बॅक. वडील अहमद शेरखान 1936 च्या बर्लिन ऑलिंपिक संघातले. स्पर्धेचा बहुतेक काळ अस्लम बाहेर बसून होते. शॉर्ट कॉर्नर मिळाला. त्यांनी गळ्यातल्या ताविजाला ओठ लावले आणि चेंडू गोलात मारला. जादा वेळेत हरचरण सिंग यांनी तिसरा गोल केला.

बाहेर बसलेल्या खेळाडूचे मन थंड पडते. अंग गरम करता येते, मन गरम ठेवणे अवघड. अस्लम यांचे मन जागे राहिले याचे श्रेय अर्थात आधी त्यांचेच. पण त्या व्यवस्थापकाने सत्तावीस वर्षांपूर्वी लंडनमध्ये तेच बाकडे अनुभवले होते, ही गोष्ट मला योगायोग वाटत नाही. अंतिम सामना 15 मार्चला, शनिवारी होता, पाकिस्तानशी. आदल्या दिवशी जुम्म्याच्या नमाजाला बलबीर अस्लमबरोबर मशिदीत गेले. फाळणीच्या दिवसांत लुधियान्यात पोलीस म्हणून काम केलेला एक शीख, आपल्या मुसलमान खेळाडूसोबत. या कृतीवर भाष्य करायची गरज नाही.

अंतिम सामन्यात पाकिस्तानने पहिला गोल केला. उत्तरार्धात सुरजित सिंग यांनी शॉर्ट कॉर्नरवर बरोबरी साधली. मग ध्यानचंद यांचे चिरंजीव अशोक कुमार यांनी मारलेला चेंडू गोलच्या आतल्या कोपऱ्याला लागून बाहेर आला. पाकिस्तानी खेळाडूंनी हरकत घेतली, पण पंचांनी गोल दिला. 2-1. भारताने पुरुष हॉकीचा विश्वचषक जिंकला तो तेवढाच एकदा. पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. 

आज त्या विजयाच्या आठवणीत सुरजित, अशोक कुमार, अस्लम, अजितपाल यांची नावे येतात आणि ते योग्यच आहे. व्यवस्थापकाचे काम धावफलकावर लिहिले जात नाही. क्रिकेटच्या मैदानावर आपण अनेक मोठे खेळाडू प्रशिक्षक म्हणून फसलेले पाहिले आहेत. जे स्वतःला सहज जमले, ते दुसऱ्याला का जमत नाही, हे त्यांना उमगत नाही. बलबीर यांना उमगत असावे, कारण त्यांच्या तीन सुवर्णपदकांपैकी दोन सरळ मार्गाने आलेली नव्हती.

1985 मध्ये त्यांनी आपली पदके, छायाचित्रे आणि मेलबर्नचा कर्णधाराचा कोट क्रीडा संग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाला दिला. 2012 मध्ये लंडनच्या ऑलिंपिक प्रदर्शनात जगभरातल्या सोळा श्रेष्ठ खेळाडूंमध्ये त्यांची निवड झाली. त्यानंतर या वस्तूंचा शोध सुरू झाला, तर त्यांचा पत्ताच लागेना. अखेरपर्यंत त्या त्यांना परत मिळाल्या नाहीत. 25 मे 2020 रोजी मोहालीत त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी मोहालीच्या हॉकी स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. संध्याकाळी तिथे मुले सरावाला येतात. अकरा जण खेळतात आणि काही बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहतात.