सिम्युलेटरच्या नकाशावर बुलढाणा

ब्रूस आर्टविक यांच्या सबलॉजिक कंपनीने १९८०च्या सुमारास ॲपल-२ संगणकासाठी 'फ्लाइट सिम्युलेटर' आणला, तेव्हा त्यातली सगळी पृथ्वी ३६ चौकोनांची होती. तरीही त्यात पहिल्या महायुद्धातली हवाई झुंज होती. आपल्या मनाची मोहीम रचण्याची सोय पुढे आली. लुकासफिल्म गेम्सच्या 'देअर फाइनेस्ट अवर'मध्ये (१९८९) ब्रिटनच्या लढाईतल्या नव्या मोहिमा खेळणाऱ्यालाच मांडता येत. मायक्रोसॉफ्टचा 'कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर २' (२०००) आणि रशियन बनावटीचा 'इल-२ स्तुर्मोविक' (२००१) यांनी हा छंद घरोघरच्या संगणकांवर नेला. विमानांची तुकडी निवडायची, तिच्या मार्गावर टप्पे टाकायचे, प्रत्येक टप्प्याला उंची, वेग आणि काम नेमून द्यायचे. 'इल-२'मध्ये हे सारे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठते. मूळ खेळात नकाशे मात्र कंपनीने दिले तेवढेच.

नकाशाबाहेरचा मुलूख उभारायचा तर जमिनीच्या उंचीचे आकडे हवेत, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्याची अडचण तिथेच होती. १९९६ साली खुल्या झालेल्या जागतिक उंचीसंचात दोन बिंदूंमधले अंतर जवळपास एक किलोमीटर होते. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. म्हणजे त्याच्या वाट्याला एका दिशेने जेमतेम दोन बिंदू. दीडशे मीटरांच्या आसपास खोल असलेला तो खड्डा अशा नकाशात दिसणार तरी कसा? फेब्रुवारी २०००मध्ये एन्डेव्हर यानाने ११ दिवसांच्या फेरीत रडारने भूभाग मोजला. त्यातून मिळालेल्या सुमारे ९० मीटर अंतराच्या आकड्यांत त्याच विवराला वीसेक बिंदू मिळाले आणि त्याची कड उमटली. या संचाच्या फाइली एकेका अंशाच्या असतात. २० अंश अक्षांशाची रेघ जिल्ह्यातूनच जाते, म्हणून लोणार एका फाइलीत आणि बुलढाणा शहर दुसऱ्या फाइलीत पडते. दोन्ही नीट जोडल्या नाहीत तर विवराच्या उत्तरेला अडीच-तीन किलोमीटरांवर जमिनीत पायरी दिसते.

धावपट्टी बसवणे त्याहून किचकट. खालच्या बिंदूंची उंची वरखाली असली की पट्टीला लाटा येतात, म्हणून तेवढा तुकडा एकाच उंचीवर सपाट करावा लागतो. घाटाखाली, शेगाव-नांदुऱ्याच्या पूर्णाकाठच्या मैदानात, हे सहज जमते. घाटावर बुलढाण्याजवळ, राजूर घाटाच्या तोंडाशी, सपाट केलेल्या तुकड्याच्या कडेला सरळ भिंत उभी राहते. तिथे कडांना उतार देत बसण्याला पर्याय नाही. खऱ्या बांधकामात याच्या उलट होते: मैदानातली काळी माती पावसाळ्यात चाके गिळते. संगणकातल्या मातीला तो गुण नाही.

उड्डाण कुठून करायचे, हे मोहिमेच्या सालावर ठरते. बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. सर्वांत जवळच्या विमानतळांपैकी अकोल्याजवळचा शिवणीचा विमानतळ १९४३ सालचा. त्यामुळे १९४२च्या मोहिमेत तो दाखवणे चूक ठरते. नागपूरचे सोनेगाव पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातले आणि दुसऱ्या महायुद्धातही ब्रिटिश हवाई दलाच्या वापरातले. तिथून लोणार सरळ रेषेत सुमारे २९० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन ५८० किलोमीटरांच्या इंधनाचा हिशेब करूनच वेळापत्रक मांडावे लागते. मार्गातल्या खुणांसाठी अकोल्याहून शेगाव, जलंब, नांदुरा, मलकापूर असा जाणारा हावडा-मुंबई लोहमार्ग पुरतो. त्या काळीही तो होता.