विल्सन दांपत्य

विल्सन, मार्गारेट (५ नोव्हेंबर १७९५–१९ एप्रिल १८३५) व विल्सन, जॉन (११ डिसेंबर १८०४–१ डिसेंबर १८७५) : मुंबईत काम केलेले स्कॉटिश मिशनरी जोडपे. जॉन यांचे नाव चौपाटीवरच्या कॉलेजामुळे घरोघरी पोचले. मार्गारेट यांचा उल्लेख स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात एखाद्या वाक्यात उरकला जातो. पण १८२९ ते १८३५ या सहा वर्षांत त्यांचे मिशन आणि त्यांचे घर वेगळे काढता येत नाही, आणि ते घर प्रामुख्याने मार्गारेट चालवीत होत्या. त्यामुळे नोंद दोघांची मिळून केली आहे.

जॉन यांचा जन्म स्कॉटलंडच्या सीमाभागातील लॉडर गावी शेतकरी कुटुंबात झाला; शिक्षण एडिंबरो विद्यापीठात. मार्गारेट बेन या ग्रीनॉक येथील धर्मोपदेशकाच्या कन्या. १८२८ च्या ऑगस्टमध्ये विवाह झाला तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या आणि जॉन तेवीसचे होते. स्कॉटिश मिशनरी सोसायटीतर्फे दोघे फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईत उतरले आणि लगेच कोकणात गेले. बाणकोट-हर्णै भागात या संस्थेचे ठाणे काही वर्षांपासून होते. तिथे दोघांनी शास्त्रीबुवांकडून मराठी घोकली. काही महिन्यांतच जॉन मराठीत प्रवचन करू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते मुंबईला परतले, आणि पुढे गिरगावातील आंबरोळी हा मिशनचा पत्ता झाला.

तेव्हाची मुंबई म्हणजे कोट आणि त्याबाहेरची दाट वस्ती. गिरगावात वाड्या होत्या. प्रभादेवी, वरळी, माहीमकडे कोळी, भंडारी, आगरी यांची गावे, नारळीची बने आणि भातखाचरे होती. गिरण्या यायला अजून पंचवीस वर्षे होती. मिशनऱ्याला शाळेसाठी मुले आणि वादासाठी माणसे हवी असत, आणि दोन्ही गिरगाव-भुलेश्वरच्या परिसरात हाकेवर मिळत.

घरात सकाळची प्रार्थना मराठीत होई. नोकरमाणसे आणि मुलेही त्यात बसत. त्यानंतर पंतोजी व शास्त्री येत, शाळांच्या फेऱ्या होत, पत्रे व अहवाल लिहिले जात. १८३० मध्ये जॉन यांनी ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे मासिक काढले; त्यात मार्गारेटही लिहीत. जिज्ञासू, टवाळ आणि खरोखर अस्वस्थ झालेले अशा सगळ्या प्रकारचे लोक चर्चेला येत. ब्राह्मण, पारशी, मुसलमान अशा सर्वांशी धर्मविषयक वाद घालण्याची जॉन यांना हौसच होती. मोरभट दांडेकर यांचा ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ १८३१ सालचा. जॉन यांनी त्याला पुढच्याच वर्षी छापील उत्तर दिले. हे खंडनमंडन आज वाचताना दोन्ही बाजूंचा सूर कडवट वाटतो. मात्र परस्परांचे ग्रंथ वाचल्याशिवाय वादाला उतरायचे नाही एवढी शिस्त त्यात होती, आणि छापील मराठी गद्याला वाद घालण्याची सवय लागली ती याच काळात.

मार्गारेट यांचे मुख्य काम मुलींच्या शाळा. मुंबईतील पहिली मुलींची शाळा त्यांची नव्हे. अमेरिकन मराठी मिशनने ती १८२४ मध्येच उघडली होती. पण मार्गारेट यांनी थोड्याच काळात पाचसहा शाळा उभ्या केल्या, त्याही आडवाटेच्या नव्हे तर भरवस्तीतल्या. अडचणी ठरलेल्या होत्या. शिकलेली बाई मिळत नसे, म्हणून शिकवायला पुरुष पंतोजी ठेवावा लागे. आणि पुरुष पंतोजी म्हटला की वरच्या जातींतल्या घरांतून मुलगी येत नसे. मुलीला शिकवले तर ती विधवा होते हा समज होताच. आठदहा वर्षांची झाली की लग्न होई आणि पाटी सुटे. त्यामुळे पटावर मुख्यतः गरिबांच्या मुली असत. त्यांना मराठी वाचन, बायबलमधील कथा, प्रश्नोत्तरे आणि शिवणकाम शिकवले जाई. मार्गारेट स्वतः शाळांतून फिरत, वाचून घेत, मुलींच्या आयांशी बोलत. हे शेवटचे काम जॉन यांच्या आवाक्याबाहेरचे होते; परक्या पुरुषाला माजघराचे दार बंद होते. १८३२ च्या सुमारास त्यांनी आंबरोळीत निराश्रित व गरीब मुलींना ठेवून घ्यायला सुरुवात केली. आज गावदेवीत असलेली सेंट कोलंबा शाळा आपला आरंभ इथेच मानते. जॉन यांची मुलांची इंग्रजी शाळाही १८३२ चीच. तिचे पुढे विल्सन कॉलेज झाले.

शाळांचा हेतू धर्मप्रसार होता आणि तो कोणी लपवला नाही. गावानेही तो ओळखूनच मुले पाठवली.

थंडीचे महिने जॉन यांचे दौऱ्यांत जात : नाशिक, औरंगाबाद-वेरूळ, गोवा, आणि १८३५ च्या आरंभी गुजरात-काठेवाड. शेवटच्या दौऱ्यात ते गिरनारच्या अशोकलेखापाशी गेले. कॅप्टन लँग यांनी त्यांच्यासाठी काढलेली या लेखाची कापडावरील प्रत कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोचली आणि लेखाच्या वाचनास तिची मोठी मदत झाली. या दौऱ्यांचे वर्णन चरित्रांत ऐसपैस येते. नवरा दूर असताना शाळांचे पगार, आजारी मुली, पत्रव्यवहार हे सगळे इकडे मार्गारेट पाहत. त्यांची काही अपत्ये तान्हेपणीच गेली होती. एप्रिल १८३५ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्या मुंबईत वारल्या. जॉन यांनी त्यांची पत्रे व टिपणे वापरून लिहिलेले चरित्र १८३८ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा ‘पुण्यवान पत्नी’ चरित्रांची तेव्हा इंग्रजीत रेलचेल होती, तेव्हा ते जपून वाचावे. तरी मार्गारेट यांच्या कामाचा तपशील मिळण्याची मुख्य जागा तीच. त्यांच्या बहिणी अ‍ॅना व हे बेन यांनी १८३७ मध्ये येऊन शाळा हाती घेतल्या. हे बेन यांनी पुढे मिशनमधील रॉबर्ट नेस्बिट यांच्याशी लग्न केले.

त्यानंतरची चाळीस वर्षे जॉन यांची सार्वजनिक कारकीर्द. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्याने शहर खवळले, खटला झाला आणि शाळा जवळपास ओस पडली. १८४३ मध्ये शेषाद्री बंधूंच्या धर्मांतर-प्रकरणाने तेच पुन्हा घडले. धाकट्या श्रीपतला कोर्टाने आईबापांच्या हवाली केले आणि त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर झटले. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. जॉन फुटून निघालेल्या फ्री चर्चच्या बाजूने गेले, शाळेची इमारत जुन्या चर्चकडे राहिली. १८४६ मध्ये त्यांनी इझाबेला डेनिस्टन यांच्याशी दुसरा विवाह केला. त्या १८६७ मध्ये निवर्तल्या. १८६४ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आले असता चुमा व विकातानी या आफ्रिकी मुलांना जॉन यांच्या मिशनशाळेत ठेवून गेले. मराठीच्या अभ्यासकाला जॉन भेटतात ते मोल्सवर्थ कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत, मराठीच्या घडणीविषयीच्या त्यांच्या विस्तृत टिपणात. मुंबई विद्यापीठाचे ते कुलगुरूही झाले. मलबार हिलवरील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

या जोडप्याचा मुलगा अँड्र्यू विल्सन (१८३१–८१) पत्रकार आणि प्रवासी म्हणून प्रसिद्ध होता. त्याने काही काळ मुंबईत वृत्तपत्राचे संपादनही केले. १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अबोड ऑफ स्नो’ या हिमालयप्रवासाच्या पुस्तकात तिबेटच्या वेशीवरील पू या गावी राहणारे मोराव्हियन मिशनरी पागेल आणि त्यांची पत्नी भेटतात. धर्मांतरे फारशी नाहीत, भाषा मात्र शिकून झालेली, घर आणि मिशन एकच. आईबापांच्या संसाराशी अँड्र्यूने या घराची तुलना केलेली नाही. आंबरोळीची माहिती असलेल्या वाचकाला ती करावीशी वाटते.