हेरांच्या शोधातील पोलीसबाई

युद्ध सुरू झाले म्हणजे रणांगणावर तोफा गडगडू लागतात आणि घरोघर संशय कुजबुजू लागतो. 1914 च्या ऑगस्टात इंग्लंडात हेच घडले. शेजारच्या माडीवर रात्री दिवा हलला, तर तो जर्मन पाणबुडीस इशारा ठरे. कोणी कबुतरे पाळली, तर ती बर्लिनास पत्रे नेत असावीत अशी शंका घेतली जाई. लांबोडक्या जर्मन जातीच्या कुत्र्यांस रस्त्यात लाथा बसत. विल्यम ल क्यू नावाच्या कादंबरीकाराने युद्धापूर्वी पाच वर्षे, 1909 मध्ये, कैसरच्या हेरांवर एक पुस्तक लिहून लोकांच्या मनाची मशागत करून ठेवलीच होती. हेर दिसावयास लागण्यासाठी हेर असावाच लागतो असे नाही, हे त्या वर्षी त्या सुशिक्षित राष्ट्राने जगास दाखवून दिले.

ह्याच सुमारास लंडनच्या रस्त्यांवर निळ्या गणवेशातील काही स्त्रिया गस्त घालताना दिसू लागल्या. मार्गारेट डेमर डॉसन व नीना बॉइल ह्या दोघींनी मिळून स्त्री-पोलिसांचे एक स्वयंसेवक पथक उभारले होते. डॉसनबाईंची उजवा हात बनलेली मेरी अ‍ॅलन ही कार्डिफ येथे 1878 मध्ये जन्मलेली. तिचे वडील रेल्वेतील मोठे अधिकारी. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत ती शिरली, तेव्हा वडिलांनी चळवळ किंवा घर यांपैकी एक निवड म्हणून बजावले. तिने घर सोडले. पुढे तीन वेळा तुरुंग भोगला, अन्नत्याग केला, आणि नळीने बळेबळे अन्न घालण्याचा छळही सोसला. पोलिसांनी जिला धरून नेले तीच पोलीस झाली! ह्यात विसंगती दिसते खरी. पण ज्या अधिकाराने आपणांस चिरडले तो अधिकारच हाती घ्यावा, असे तिला वाटले असल्यास नवल नाही.

परंतु हा अधिकार प्रथम चालला कोणावर? हेरांवर नव्हे, तर गरीब बायकांवर. ग्रँथम ह्या लिंकनशरमधील गावालगत मोठी लष्करी छावणी पडली होती. तेथील सेनाधिकाऱ्याने राज्यसंरक्षण कायद्याचा आधार घेऊन स्त्रियांस रात्री आठनंतर घराबाहेर पडण्याची बंदी केली. सैनिकांवर मात्र तशी बंदी नव्हती. ह्या हुकुमाची अंमलबजावणी मेरी अ‍ॅलन व तिची सहकारी ह्यांनी केली. घरात शिरून, बाई आहे की नाही हे पाहण्यापर्यंत मजल गेली. नीना बॉइलबाईंस हे सहन झाले नाही. स्त्रियांचे हक्क मागावयास निघालेल्यांनी स्त्रियांनाच कोंडावे, ह्याचा त्यांना संताप आला व त्यांनी डॉसनबाईंचा राजीनामा मागितला. 1915 च्या फेब्रुवारीत सभा भरली. जमलेल्या सुमारे पन्नास जणींपैकी दोघी वगळता सर्वजणी डॉसनबाईंच्या मागे गेल्या आणि निराळे स्त्री-पोलीस दल स्थापन झाले. माझ्या मते त्या सभेत बॉइलबाईंचेच म्हणणे खरे होते. पण इतिहास ज्यांच्या हाती पडला त्या दुसऱ्या होत्या.

त्याच वर्षी ऑगस्टात ग्रँथम येथे एडिथ स्मिथ हिला रीतसर शपथ देऊन अटकेचा पूर्ण अधिकार देण्यात आला. असा अधिकार मिळालेली ब्रिटनमधील ती पहिली स्त्री-पोलीस. तिच्या दलातील इतर भगिनी दारूगोळ्याच्या कारखान्यांच्या फाटकांवर उभ्या राहून कामगार मुलींची झडती घेत: काडेपेटी, सिगारेट, केसातील धातूचा आकडा, काही आत जाऊ नये म्हणून. एका ठिणगीने शेकडो जिवांची राख होण्याचा तो मामला होता, म्हणून हे काम कंटाळवाणे असले तरी क्षुल्लक नव्हते.

मग हेर कोणी पकडले? बहुतांशी टपालाने. कार्ल हान्स लोडी हा जर्मन नौदलाचा राखीव अधिकारी अमेरिकन प्रवाशाच्या नावाचा पासपोर्ट घेऊन एडिंबरोस उतरला. त्याची पत्रे व तारा स्टॉकहोमच्या पत्त्यावर जात, आणि तो पत्ता ब्रिटिश गुप्तचर खात्यास आधीच संशयास्पद वाटत होता. रशियन फौजा स्कॉटलंडमार्गे येत असल्याची बाजारगप्प त्याने खरी मानून लिहून पाठविली, तेव्हा ते पत्र मुद्दाम पुढे जाऊ दिले! 2 ऑक्टोबरला आयर्लंडात त्यास अटक झाली व 6 नोव्हेंबर 1914 रोजी लंडनच्या किल्ल्यात, टॉवरमध्ये, गोळ्या घालण्यात आल्या. त्या युद्धात तेथे अशा रीतीने अकरा हेर मारले गेले. कार्ल म्युलर हा त्यांतलाच. लिंबाच्या रसाने ओळींमधील कोऱ्या जागेत तो मजकूर लिही. उष्णता दिली की अक्षरे तपकिरी होऊन उमटत. त्याच्यापाशी सापडलेले लिंबूच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले. टपाल उघडून तपासणाऱ्या कचेरीत बहुसंख्य कर्मचारी स्त्रियाच होत्या. गणवेश नाही, शिट्टी नाही, दिवसभर परक्यांची पत्रे वाचावयाची आणि एखाद्या पत्रातला मजकूर फारच निरर्थक वाटला तर तो बाजूला काढावयाचा. 1915 च्या अखेरीस पकडलेली एव्हा द बूर्नोनव्हिल ही स्वीडिश स्त्री-हेरदेखील अशाच पत्रांमुळे सापडली. तिची फाशी रद्द होऊन तिला जन्मठेप झाली.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. इंग्लंडच्या राज्यसंरक्षण कायद्याच्याच धर्तीवर 1915 मध्ये आपल्याकडे भारत संरक्षण कायदा आला. तिकडे तो हेरांसाठी सांगितला गेला. इकडे तो कोणावर चालला हे आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

युद्ध संपले. डॉसनबाई व मेरी अ‍ॅलन ह्यांस मानाची पदवी मिळाली. पण लंडनच्या पोलीस आयुक्तांनी 1919 मध्ये स्वतःच्या स्त्री-गस्ती उभारताना ह्या मंडळींस बाजूस सारले. कारण, त्या मताधिकारवादी, म्हणजे जहाल. 1920 मध्ये डॉसनबाई वारल्या व दलाची सूत्रे अ‍ॅलनकडे आली. लगेच, तुमचा गणवेश खऱ्या पोलिसांसारखा दिसतो, म्हणून खटला भरून तिला दंड करण्यात आला. तरी आखूड केस, एका डोळ्यावर चष्मा व उंच बूट असा पोशाख तिने सोडला नाही. देशोदेशी ती स्त्री-पोलिसांचा प्रचार करीत हिंडली. 1934 मध्ये ती बर्लिनास गेली, हिटलर व गोअरिंग ह्यांस भेटली आणि भारावून परतली. 1939 च्या अखेरीस तिने मोझलीच्या फॅसिस्ट पक्षात उघडपणे नाव नोंदविले.

1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि शत्रू दाराशी आला. आता इंग्लंडास पुन्हा घरभेद्यांची धास्ती वाटू लागली. मोझली तुरुंगात गेला. मेरी अ‍ॅलन तुरुंगाबाहेर राहिली, पण संरक्षण नियमांखाली कॉर्नवॉलमधील आपल्या घराच्या परिसरातच राहण्याचा हुकूम तिच्यावर बजावला गेला. ग्रँथमला ज्या बायांच्या दारावर तिने रात्री थाप मारली होती, त्यांच्यासारखीच तीही आता हद्दीत बांधली गेली. मोटार, सायकल व रेडिओ वापरण्याचीही तिला मनाई झाली. ती 1964 पर्यंत जगली.