टपाल, बंदर आणि प्लेग : मुंबई व साष्टीतील वसाहतकालीन आरोग्य प्रशासन (१८९६-१९००)

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकातील आरोग्य, टपाल आणि बंदर या खात्यांचा इतिहास सामान्यतः स्वतंत्रपणे लिहिला जातो. प्रत्यक्षात १८९६ च्या प्लेगने ही तिन्ही खाती मुंबईत एकाच पेचात सापडली. साथ रोखण्यासाठी दळणवळण थांबवावे, की व्यापार व टपालासाठी ते चालू ठेवावे? हा पेच कसा सोडविला गेला आणि त्याचा भार कोणावर पडला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बंदर आणि टपाल :

१८३० मध्ये 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि तांबड्या समुद्रातून टपाल नेणे शक्य असल्याचे सिद्ध झाले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईचे महत्त्व वाढले. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला. विलायतेचे टपाल मुंबईत उतरे आणि तेथून आगगाडीने देशभर जाई. त्यामुळे मुंबईचे बंदर बंद करणे म्हणजे साम्राज्याचा व्यवहारच अडविणे होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. युरोपात भीती पसरली आणि १८९७ च्या प्रारंभी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तेथे जहाजांची लागण झालेली, संशयित व निरोगी अशी वर्गवारी ठरली. वापरलेले कपडे, अंथरुणे व चिंध्या संशयास्पद ठरल्या. पत्रे व वर्तमानपत्रे मात्र निर्बंधांतून मुक्त राहिली. त्याच वर्षी मुंबईहून होणारी हजयात्रा सरकारने स्थगित केली. कागद मुक्त राहिला, यात्रेकरू अडला.

साष्टी आणि लोहमार्ग :

४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने जहाजांबरोबरच रेल्वे प्रवाशांच्याही तपासणीचा अधिकार दिला. या कायद्याची झळ शहराच्या सीमेबाहेरही पोहोचली. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड ही उपनगरे तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडत होती. मुंबई महापालिकेची हद्द माहीम व शीव येथे संपत असे. परंतु प्रशासकीय सीमा आणि लोहमार्ग एकमेकांशी जुळत नव्हते. १८५३ चा ठाण्याचा मार्ग पूर्व साष्टीतून जात होता, तर १८६७ पासून विरारच्या गाडीला बोरिवली व अंधेरी ही स्थानके होती. शहर सोडणाऱ्या लाखो लोकांपैकी अनेकांची वाट याच मार्गांनी गेली. कल्याण येथे प्रवाशांची वैद्यकीय तपासणी होई आणि संशयितांना अडकवून ठेवले जाई. एकाच रुळांवरून टपालाच्या थैल्या सुखरूप पुढे जात आणि माणसे खाली उतरविली जात.

शहरातील सक्तीच्या विलगीकरणाविरुद्धचा रोष ऑक्टोबर १८९६ मध्येच प्रकट झाला होता. गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. साष्टीतील ख्रिस्ती गावठाणांनी वेगळा मार्ग धरला. प्लेगपासून रक्षण व्हावे म्हणून उभारलेले क्रूस वांद्रे परिसरात आजही दिसतात. सरकारी दप्तरात न उमटलेल्या भयाची ती साक्ष आहे.

उपाययोजनांची मर्यादा :

तपासणीचा रोख माणसाच्या शरीरावर व कपड्यांवर होता. उंदरावरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले. त्याला मान्यता मिळण्यास पुढे अनेक वर्षे लागली. मांडवी हे धान्याच्या वखारींचे ठिकाण होते. प्रवाशाचे गाठोडे सोडून पाहणाऱ्या यंत्रणेला वखारीतील उंदीर हा साथीचा वाहक वाटलाच नाही. अज्ञान हे त्याचे एक कारण. परंतु वखारीपेक्षा तिसऱ्या वर्गाच्या डब्यावर हुकूम चालविणे सोपे होते, हेही नाकारता येत नाही.

समारोप :

१८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ इतकी घटली. १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तर १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा अस्तित्वात आला. वसाहतकालीन आरोग्य प्रशासनाने दळणवळण सरसकट थांबविले नाही. त्याची निवड केली. जे साम्राज्याला आवश्यक ते पुढे गेले, आणि ज्यांचा आवाज क्षीण होता ते फलाटावर अडविले गेले. उपनगरांचा इतिहास केवळ वस्तीच्या विस्ताराचा न मानता या निवडीचाही मानला, तर त्याचे आकलन अधिक सखोल होईल.