‘नव्वद टक्के यश’ म्हणजे नेमके किती?

ऑपरेशनचा सल्ला मिळाला की बहुतेक नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, यशाचे प्रमाण किती?” उत्तर येते, “नव्वद टक्के.” मग घरी सगळी चर्चा त्या आकड्याभोवती फिरते. हे नव्वद टक्के किती रुग्णांवरून काढले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

समजा, 10 रुग्णांवर उपचार झाले आणि 9 बरे झाले. दुसरीकडे 1000 पैकी 900 बरे झाले. दोन्हीकडे प्रमाण 90 टक्केच, पण त्यांचे वजन सारखे नाही. पहिल्या ठिकाणी आणखी एकच रुग्ण बरा झाला नसता, तर आकडा थेट 80 वर आला असता. दुसऱ्या ठिकाणी एका रुग्णाने काहीच हलले नसते.

विश्वासमर्यादा म्हणजे काय?

अभ्यासातले रुग्ण हा एक नमुना असतो. तसाच आजार असलेल्या सगळ्या रुग्णांमधले खरे प्रमाण आपल्याला कधीच दिसत नाही, नमुन्यावरून त्याचा अंदाज बांधावा लागतो. म्हणून संशोधक एका आकड्याऐवजी एक पट्टा देतात. त्याला विश्वासमर्यादा किंवा कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात आणि बहुधा ती 95 टक्के पातळीवर काढलेली असते. हाच अभ्यास नव्या रुग्णांवर पुन्हापुन्हा केला आणि दर वेळी असा पट्टा काढला, तर 100 पैकी सुमारे 95 पट्ट्यांत खरे प्रमाण सापडेल, असा तिचा अर्थ.

वरच्या उदाहरणात 10 पैकी 9 साठी हा पट्टा साधारण 55 ते जवळजवळ 100 टक्के येतो. 100 पैकी 90 साठी 82 ते 95, आणि 1000 पैकी 900 साठी 88 ते 92. म्हणजे 10 रुग्णांवरून सांगितलेले ‘नव्वद टक्के’ प्रत्यक्षात ‘निम्म्यांपेक्षा थोडे जास्त’सुद्धा असू शकते.

एका ठिकाणी 20 पैकी 18 यशस्वी, म्हणजे 90 टक्के, आणि दुसरीकडे 500 पैकी 430, म्हणजे 86 टक्के, असे ऐकलेत तर केवळ आकड्यावरून पहिले ठिकाण सरस ठरवू नका. पहिल्याचा पट्टा 68 ते 99, दुसऱ्याचा 83 ते 89 आहे.

नमुना किती मोठा हवा?

शितावरून भाताची परीक्षा होते. पातेले लहान असो की पंगतीचे, चार शिते चेपून पाहिली की पुरतात. नमुन्याचेही असेच आहे. गावाची पाहणी असो वा देशाची, अंदाज 5 टक्क्यांच्या फरकाने हवा असेल तर सुमारे 385 माणसे लागतात. 3 टक्क्यांसाठी 1067, आणि 1 टक्क्यासाठी तब्बल 9604. पट्टा निम्मा करायचा तर माणसे चौपट लागतात. मोठे अभ्यास महाग का होतात, ते यावरून कळेल.

अट एकच: भात ढवळलेला हवा. फक्त वरवरची शिते घेतली तर तळाशी करपलेले कळणार नाही. आमच्या क्षेत्रात हे सर्रास घडते. ऑपरेशननंतर जे तपासणीला परत आले, तेवढ्यांचेच यश मोजले जाते. जे बरे वाटले नाही म्हणून दुसरीकडे गेले, ते हिशेबातच नसतात. ही चूक विश्वासमर्यादेत दिसत नाही. नमुना कितीही वाढवला तरी ती जात नाही.

माणसे गटागटाने निवडली तरीही फरक पडतो. 2020 च्या मे-जूनमध्ये आयसीएमआरने 70 जिल्ह्यांत 28,000 प्रौढांचे रक्त तपासले. कोरोनाची लागण होऊन गेलेल्यांचे प्रमाण 0.73 टक्के आले, आणि पट्टा 0.34 ते 1.13. इतक्या माणसांत तो याहून बराच अरुंद यायला हवा होता. पण एका वस्तीतल्या लोकांचे नशीब बरेचसे सारखे असते, शिवाय चाचणीतही चुका होतात. त्या दोन्हींचा हिशेब धरल्याने तो रुंदावला. हा दोष नव्हे, प्रामाणिकपणा आहे.

“आमच्याकडे एकही गुंतागुंत झाली नाही”

हे वाक्य ऐकून धीर येतो, आणि यावा. तरी एक सोपा हिशेब लक्षात ठेवा: 3 ला रुग्णांच्या संख्येने भागा. 30 रुग्णांत एकालाही त्रास झाला नसेल, तर खरा धोका 10 टक्क्यांपर्यंत असू शकतो. 300 रुग्णांत शून्य असेल, तर 1 टक्क्यापर्यंत.

तुमच्यासाठी याचा उपयोग

डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: हा आकडा किती रुग्णांवरचा आहे? तुमच्या स्वतःच्या रुग्णांचा की प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा? मधेच किती जणांचा संपर्क तुटला? यात राग येण्यासारखे काही नाही.

शेवटी, हा पट्टा गटाचा असतो, तुमच्या आईचा किंवा वडिलांचा नव्हे. त्यांचे वय 75 असेल आणि जोडीला मधुमेह असेल, तर ‘यांच्यासारख्या रुग्णांमध्ये काय दिसले?’ असे विचारा. अशा रुग्णांची संख्या कमी असल्याने तिथला पट्टा रुंद निघेल, आणि डॉक्टर “नक्की सांगता येणार नाही” म्हणतील. ते टाळाटाळ करत आहेत असे समजू नका. बहुतेक वेळा तेच खरे उत्तर असते.