माडग्याळ मेंढीचे मदचक्र

माडग्याळ ही सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातल्या त्याच नावाच्या गावावरून ओळखली जाणारी मेंढी होय. उंच बांधा, बाकदार नाक आणि पांढऱ्या अंगावरील तपकिरी ठिपके ही तिची लक्षणे. तिला बहुधा एका वेतात एकच कोकरू होते. त्यामुळे वाया गेलेला प्रत्येक माज मेंढपाळाला जाणवतो.

मेंढीचे मदचक्र सरासरी १७ दिवसांचे (डुकरिणीचे २१ दिवसांचे) असून माज साधारण २४ ते ३६ तास टिकतो. माजाच्या सुमारास अंडाशयातील पुटकांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अंतःस्तराचा रक्तपुरवठा वाढतो व ऊतकात पाणी साचून ते फुगीर होते. अंडमोचन माजाच्या अखेरीस होते. फुटलेल्या पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होतो. त्याच्या प्रोजेस्टेरॉनमुळे अंतःस्तरातील ग्रंथी लांब व नागमोडी होऊन पोषक स्राव देऊ लागतात. अंतःस्तरावर ग्रंथीविरहित, बटणासारखे उंचवटे असतात. पुढे वार तेथेच जोडली जाते. डुकरिणीत असे उंचवटे नसतात.

चक्र पुढे न्यायचे की थांबवायचे, हे गर्भाशयावर अवलंबून असते. गर्भ नसल्यास सुमारे चौदाव्या दिवसापासून अंतःस्तर प्रोस्टाग्लँडिन सोडतो, पीतपिंड आटतो आणि मेंढी पुन्हा माजावर येते. गर्भ असल्यास त्याने सोडलेले इंटरफेरॉन-टाऊ हे प्रथिन ही क्रिया रोखते. शस्त्रक्रियेने गर्भाशय काढलेल्या मेंढीत पीतपिंड महिनोन्महिने टिकतो, तो याचमुळे. स्त्रीप्रमाणे येथे अंतःस्तर गळून पडत नाही व रक्तस्राव होत नाही. म्हणून या चक्राला ‘पाळी’ म्हणणे योग्य नव्हे.

मेंढीचा माज गाईसारखा उघड दिसत नाही. तो नरालाच कळतो. नराच्या छातीला रंग लावल्यास फळलेल्या मेंढीच्या पाठीमागे खूण उमटते. सुमारे १६ दिवसांनी रंग बदलावा. नव्या रंगाची खूण उमटलेली मेंढी गाभण राहिली नाही, असे समजावे. गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असल्याने व्यायचा अंदाजही यावरून बांधता येतो.

जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात चाऱ्याच्या टंचाईने हडकलेल्या मेंढ्यांचे चक्र मंदावते किंवा थांबते. नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे वाढीव खुराक दिल्यास पुटकांची वाढ सुधारते.