तुटण्याआधी सांगणारा दोर

जर्मनीतल्या हार्त्स डोंगरात क्लाउस्टाल नावाचं खाणींचं गाव आहे. चांदी आणि शिशाच्या शेकडो मीटर खोल खाणी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खनिज वर ओढायला तिथे दोनच साधनं होती : हेम्पचा जाडजूड दोर, नाहीतर लोखंडी साखळी. दोर ओलाव्याने कुजायचा. साखळी दणकट, पण तिची एक कडी गेली की सगळंच खाली. आमच्या धंद्यात याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात. त्यातून ती आधी काहीच सांगत नाही. काल जे वजन आरामात उचललं, त्याच वजनाला आज तुटते.

विल्हेल्म आल्बर्ट हा तिथला खाण अधिकारी. शिक्षण कायद्याचं (हे मला विशेष आवडतं). १८२९च्या सुमारास त्याने साखळ्यांवर ठरावीक वजन पुन्हा पुन्हा टाकून पाहिलं. एरवी सहज पेलणारं वजनही वारंवार पडलं की साखळी तुटते, हे दिसलं. याला ‘धातूचा थकवा’ हे नाव पुढे मिळालं.

२३ जुलै १८३४ला त्याने क्लाउस्टालच्या कॅरोलिना खाणीत तारेचा दोर लावला. साडेतीन मिलिमीटरच्या चार लोखंडी तारांचा एक पेड, असे तीन पेड एकत्र पिळलेले. एकूण तारा बारा, जाडी साधारण १८ मिलिमीटर. एक तार तुटली तरी उरलेल्या अकरा भार धरतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट : तुटलेली तार दिसते. दोराच्या पोटात लपलेली तार नव्हतीच, प्रत्येक तार पुढेमागे कुठेतरी बाहेर यायची. म्हणजे हा दोर स्वतःचा लॉग स्वतःच्या अंगावर लिहीत होता. आल्बर्टने १८३५मध्ये त्याची माहिती छापूनही टाकली.

लॉग वाचायला मात्र माणूस लागतो. ब्रिटनच्या १९३४च्या गोदी नियमांनी त्याला मापच दिलं : व्यासाच्या आठपट लांबीत एकूण तारांपैकी १० टक्क्यांहून जास्त तुटलेल्या दिसल्या, तर तो दोर वापरायचा नाही. आल्बर्टच्या दोराला हे लावून पाहिलं. १४४ मिलिमीटरमध्ये दोन तारा तुटल्या की दोर बाद, दहा शाबूत असल्या तरी! आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्याच्या २९व्या कलमाने उचलण्याची यंत्रं, साखळ्या आणि दोर १२ महिन्यांत किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणं बंधनकारक केलं. किती वजन चालेल तेही त्यावर लिहायला लावलं.

पुढच्या दोरांत तारा वाढल्या, मधे गाभा आला, आणि आतल्या तारा नजरेआड गेल्या. आतून गंजलेला दोर बाहेरून ठाकठीक दिसू शकतो. म्हणून आता मोठ्या दोरांची तपासणी चुंबकीय उपकरणानेही करतात.

आमच्या ऑफिसच्या काचा पुसायला माणसं गच्चीवरून दोराला लटकून खाली येतात. तो दोर नायलॉनसारख्या धाग्याचा. त्यात मोजायला तारा नाहीत. तो हातातून इंच इंच सरकवत चाचपावा लागतो : कुठे काप गेलाय का, उन्हाने कडक झालाय का, गच्चीच्या कठड्यावर घासून तंतू सुटलेत का.